खलाशी आणि डिझेल एकाच यादीत कसे?

महोदय,

आपल्या शैक्षणिक पुरवणीत व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांवर आलेला लेख वाचला. घरात बारावी कॉमर्सची मुलगी आहे, त्यामुळे असे लेख आमच्याकडे कापून ठेवले जातात. उपलब्ध संसाधनांचा नीट वापर करून इतरांकडून काम करून घेणं म्हणजे व्यवस्थापन, अशी व्याख्या देऊन लेखकाने मनुष्यबळ, पैसा, माल, यंत्रं, पद्धती आणि बाजारपेठ ही सहा संसाधनं सांगितली आहेत. व्याख्येशी माझं भांडण नाही. यादी मात्र खटकली. ती वाचून वाटतं, की ही सहा पोती गोदामात रचून ठेवली आहेत आणि व्यवस्थापकाने लागेल तेव्हा लागेल ते सोडायचं.

आमच्या दोन बोटी हर्णै बंदरातून मासेमारीला जातात. समुद्रावरचं तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, बघतो, बंदरावरची धावपळ यजमान करतात. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल आणि लिलावाचा हिशेब माझ्याकडे असतो. या धंद्यात सहाही संसाधनं आहेत, पण एकही दुसऱ्यासाठी थांबत नाही. बर्फाचंच घ्या. आपल्याकडच्या उकाड्यात किलोभर मासळीला साधारण किलोभर बर्फ लागतो, आणि बोट बंदरातून सुटल्यापासून तो वितळतच असतो, जाळ्यात काही येवो वा न येवो. डिझेल टाकीत पडून राहिलं तर ते राहतं तरी. आता समजा, फेरीच्या पाचव्या दिवशी बांगडा जोरात लागला. बर्फ निम्मा उरलाय, डिझेल अजून चार दिवसांचं आहे. बांगडा आणि तारली लवकर मऊ पडतात, तारलीचं तर पोटच फुटतं, आणि भाव पापलेटच्या पासंगालाही पुरत नाही. कप्पा बांगड्याने भरून परत फिरायचं, की बर्फ राखून पापलेटच्या आशेवर थांबायचं? परत फिरायचं तर त्याच दिवशी आणखी किती बोटी बंदराला लागणार? सगळ्यांचा बांगडा एकदम उतरला की लिलावात भाव कोसळतो. शिवाय बोट थेट धक्क्याला लागेल असं आमचं बंदर नव्हे. मासळी होडीत उतरवायची, बैलगाड्या पाण्यात घालायच्या आणि मग पुळणीवर आणायची. म्हणजे बैलांनाही भरती-ओहोटी बघूनच पाण्यात उतरवावं लागतं. लेखातल्या यादीत बैल कुठे बसवायचे, यंत्रांत की मनुष्यबळात, हे मुलीने विचारलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

पाचव्या दिवशीचा तो निर्णय म्हणजे माझ्या लेखी व्यवस्थापन. कोणतं संसाधन आधी संपणार हे ओळखायचं आणि बाकीच्यांना त्याच्या मागे चालवायचं. आमच्या बोटीवर बहुतेक वेळा बर्फ पुढे असतो. आंबावाल्यांकडे एप्रिलअखेर माणूस पुढे असतो, कारण फळ तयार होतं आणि झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, धरणारे हात मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट माणसांची. खलाशी आणि डिझेल एकाच यादीत बसवणाऱ्याने एकदा रात्री दोन वाजता जाळं वर घेताना बोटीवर असावं. मासळी निवडायची, धुवायची, थरावर थर बर्फ देत रचायची, की नुसती कप्प्यात ढकलून वर दोन फावडी मारायची, हे त्या वेळी खलाशी ठरवतो. तांडेल सुकाणूवर असतो. मी तर किनाऱ्यावर. मला ते कळतं लिलावात, व्यापारी माशाचा कल्ला उघडून तो ताजा लाल आहे की शिळा तपकिरी ते बघतो तेव्हा. डिझेल कुणाच्याही बोटीत सारखंच जळतं. खलाशी तसा नाही. त्यातले बरेच नेपाळहून येतात, हंगामाआधी उचल घेतात, काही उचल घेऊन गायबही होतात, त्याबद्दल बंदरावर रोज कुरकुर ऐकू येते. पण जे टिकतात ते कुणाकडे आणि का टिकतात, ही चर्चा तेवढी होत नाही.

लेखात हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं ओळीने दिली आहेत. पण हा गृहस्थ पुस्तकी नव्हता, खाणीतला इंजिनिअर होता. १८८८ मध्ये डबघाईला आलेली कोळसा-पोलादाची कंपनी त्याच्या हाती आली आणि १९१८ पर्यंत त्याने ती चालवून दाखवली; त्याचं पुस्तक त्या दरम्यान, १९१६ मध्ये आलं. खाणी होत्या, माणसं होती, भांडवल होतं, तरी कंपनी बुडत होती, हे मुलांना सांगितलं असतं तर ‘समन्वय’ हा शब्द पाठ करावा लागला नसता.

हे सगळं आपल्याला लिहायचं कारण निव्वळ अभ्यासक्रम नाही. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, २०,०५० कोटींची. तिच्यात बर्फाच्या कारखान्यांना, शीतगृहांना, इन्सुलेटेड गाड्यांना मदत आहे, चांगलंच आहे. पण बातम्या येतात त्या किती कोटी आणि किती टन एवढ्याच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. म्हणजे बर्फाच्या कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दोन महिने किनाऱ्यावर ओढून ठेवलेलं, आणि बंदी उठली की सगळ्यांना बर्फ एकाच वेळी हवा. त्या दोन महिन्यांचं वीजबिल कुठून भरायचं, पहिल्या आठवड्यात कुणाला किती बर्फ हे कोण ठरवणार, यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार, याची उत्तरं प्रकल्प मंजूर करतानाच कागदावर हवीत. आपल्या वार्ताहरांनी अशा प्रत्येक प्रकल्पाला हे तीन प्रश्न विचारावेत आणि मिळतील ती उत्तरं नावानिशी छापावीत, एवढी विनंती.

आणि व्यवस्थापनावर पुढचा लेख लिहायचा झाला तर लेखकाला हर्णैला जरूर पाठवा. तांडेलाशी गाठ घालून देते. फक्त बंदी उठण्याच्या आठवड्यात नको, त्या दिवसांत इथे कुणालाच बोलायला सवड नसते.

आपली,
एक बोटमालकीण, हर्णै (ता. दापोली, जि. रत्नागिरी)
(कृपया नाव छापू नये.)