मीनाची फिलोमेना करताना

फोंडा, गोवा
14 जुलै

प्रिय नंदू,

तुझ्या कादंबरीची चारही प्रकरणं वाचली. अंत्रुजातली, म्हणजे आपल्या फोंडा महालातली, पंधरा वर्षांची हिंदू मुलगी मीना 1955 साली पणजीत ख्रिस्ती म्हणून राहते आणि पोर्तुगीजांविरुद्धच्या गोवामुक्ती चळवळीच्या चिठ्ठ्या पोचवते, ही कल्पना मला मनापासून आवडली. ती नीट उभी राहावी असं वाटतं, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

पहिली गोष्ट, तिला धोका कोणाकडून आहे? तुझ्या कच्च्या खर्ड्यात सगळा धोका पाखल्या, म्हणजे गोऱ्या पोर्तुगीज, अधिकाऱ्याकडून आहे. पण लिस्बनहून आलेल्या माणसाला अंत्रुजी आणि मांडवीपलीकडच्या बारदेस महालातल्या बारदेशी कोंकणीतला फरक कुठे कळणार? त्याला दोन्ही सारख्याच. मीनाला ओळखतील ती तिथलीच माणसं: शेजारीण, पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर, मासळीवाली, चर्चच्या पायरीवर बसणारी म्हातारी, आणि पोलिसांतला गोंयकार शिपाई. त्यांना काही शोधायचंही नसतं, कान आणि डोळे सवयीने काम करतात. त्यामुळे चौकशीच्या खोलीतले प्रसंग कमी कर आणि विहिरीवरचे वाढव.

दुसरं, तिला डॉक्टरांची भाची करू नकोस. फोंताइन्यतल्या, पणजीच्या त्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या, डॉक्टरांच्या भाचीला पोर्तुगीज यायलाच हवं, काटे-चमचे वापरता यायला हवेत, पायांत बुटांची सवय हवी, पहिल्या कोमुन्यांवाचा (चर्चमध्ये पवित्र भाकर घेण्याच्या विधीचा) फोटो हवा, आणि तिला लहानपणापासून ओळखणारी डझनभर नातेवाईक मंडळी हवीत. यातलं एकही खोटं महिनाभर टिकणार नाही. त्यापेक्षा तिला त्याच घरात कामाला ठेवलेली मुलगी कर. कामवाली अनवाणी चालते, स्वयंपाकघरात हाताने जेवते, पोर्तुगीज बोलत नाही, आणि बाजार, बेकरी, चर्च, बंदर अशी दिवसभर फिरली तरी कोणी विचारत नाही. चिठ्ठ्या नेणाऱ्या मुलीला याहून सोयीचं काम नाही.

गाव शिरोडा दे. शिरोडा फोंडा महालातच आहे आणि तिथे चर्चही आहे. म्हणजे तिच्या बोलण्यातला अंत्रुजी सूर आपोआप खपून जातो. नाहीतर बारदेसचा ‘अ’ ‘ओ’कडे झुकतो: घर-घोर, बरें-बोरें, उदक-उदोक. हा सूर दोन आठवड्यांत उचलता येतो, पण घाबरल्यावर तो पहिल्यांदा सुटतो. खोटं गाव खऱ्या गावाच्या जितकं जवळ, तितकं कमी पाठ करावं लागतं. नावाचंही तसंच. फिलोमेना हे नाव छान निवडलंयस, घरात तिला ‘मेना’ म्हणू देत. मागून हाक आली तर खरी मीनाही वळेल आणि खोटी मेनाही.

मात्र काही शब्दांना गावाची ढाल नाही. घरची माणसं पाय, मांय, शापाय, शामाय अशी यायला हवीत, बाबा आणि आई नव्हेत. प्रार्थना चर्चच्या कोंकणीतच पाठ हव्यात: ‘आमच्या बापा’, ‘नमान मारिये’. आणि दचकल्यावर, भाजल्यावर, ठेचकाळल्यावर तोंडातून काय निघतं? ‘आई गं’ की ‘जेजू’? तिला शिकवणाऱ्या बाईने हे शांतपणे बसवून शिकवून उपयोग नाही. मुलगी झोपेत असताना अंगावर पाणी ओतावं, चुलीशी असताना मागून ओरडावं, आणि काय निघतं ते पाहावं. असा एक प्रसंग दुसऱ्या प्रकरणात घाल.

आता हात. माझ्या मते पुस्तकाचा जीव इथे आहे. पाणी पिताना हिंदू घरातली मुलगी तांब्या ओठांना न लावता वरून धार सोडते. हे तिला कोणी शिकवलेलं आठवत नसतं, म्हणून विसरायचं आहे हेही आठवत नाही. तहान लागलेली असताना, उन्हातून आल्यावर, हात आपोआप वर जाईल. तसंच कागदाला किंवा पुस्तकाला पाय लागला की बोटं खाली जाऊन कपाळाला लागतात.

तिसरी खूण जपमाळेची. संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, होतं, तेव्हा तिच्या हातात रोझरी (ख्रिस्ती जपमाळ) येणार. आजीजवळ बसून जप केलेली मुलगी मणी मधल्या बोटावर घेऊन अंगठ्याने ओढते, तर्जनी दूर ठेवते आणि मेरुमण्यापाशी माळ उलटी फिरवते. रोझरी धरताना तर्जनीचा विटाळ कोणी मानत नाही, आणि मेरुमणीही नाही. रोझरीचे मणी 59: 53 ‘नमान मारिये’चे, 6 ‘आमच्या बापा’चे. दहा-दहाच्या पाच माळका संपल्या की पदकाशी यायचं, उलटं फिरायचं नाही. शेजारी गुडघे टेकून बसलेल्या म्हातारीला डोळे मिटूनसुद्धा कळेल की या मुलीची माळ मागे चालली आहे. तेर्स संपलं की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसापुढे जाऊन बेसांव (आशीर्वाद) मागायचा. त्या वेळी वाकून पाया पडली तर संपलंच.

खुरसाची (क्रुसाची) खूण करताना कपाळ, छाती, मग डावा खांदा, मग उजवा. क्रम चुकणं सोपं असतं, कारण समोरच्याकडे बघून शिकलं की आरशासारखं उलटं होतं. तिला शिकवणारी बाई शेजारी बसून शिकवू दे, समोर बसून नव्हे. दुपारी बाराला आणि संध्याकाळी घंटा झाली की हातातलं काम थांबतं. रस्त्यावर सगळे थांबले आणि एकटी मीना चालत राहिली तर लांबूनही दिसेल.

मिशेबद्दल, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेबद्दल, थोडं सविस्तर, कारण इथे तुझ्याकडून मोठी चूक झाली आहे. तिसऱ्या प्रकरणात ती सरळ रांगेत जाऊन कोमुन्यांव घेते. तिला आसरा देणारी बाई हे कधीच होऊ देणार नाही. बाप्तिस्मा न झालेल्या मुलीने ते घेणं तिच्या श्रद्धेला सहन होणार नाही, आणि तसं न घडू देणं हीच त्या बाईची उंची आहे. मग सबब काय? 1955 साली मध्यरात्रीनंतर अन्न खाल्लेल्याला कोमुन्यांव घेता येत नसे. पाणी चालायचं, ती सूट 1953 मध्ये मिळाली. फक्त तीन तास आधी खाणं थांबवायचं, हा नियम 1957चा, तो वापरू नकोस. म्हणजे पहिल्या मिशेला निघण्यापूर्वी तिला दूध घातलेला चहा आणि पावाचा तुकडा सगळ्यांदेखत खायला लाव. ‘मेना भुकेली असते, लहान आहे’ यावर काही आयतवार निघतात. पण वर्षातून एकदा, ईस्टरच्या काळात, प्रत्येकाने कोमुन्यांव घ्यायचाच असतो, आणि त्याआधी पाद्रीकडे पापांची कबुली. त्यामुळे तिचं सोंग ईस्टरपलीकडे जाऊ शकत नाही. 1955चा ईस्टर 10 एप्रिलला होता, पुढचा 1 एप्रिल 1956 ला. तिला पावसाळ्यात आण आणि नाताळाच्या आसपास बाहेर काढ. मीस तेव्हा लॅटिनमध्ये असे, त्यामुळे उत्तरं न येणं खपतं, पण केव्हा उठायचं, केव्हा गुडघे टेकायचे हे चुकून चालत नाही. तिने नेहमी मागच्या बाजूला बसावं आणि पुढच्या बाईपेक्षा अर्ध्या क्षणाने मागे राहावं. डोक्यावर कापड विसरू नकोस.

कपड्यांचं तू बरं लिहिलंयस, दोनच गोष्टी सांगतो. चमकी काढली तरी नाकाचं भोक दिसतं, म्हणून नाक न टोचलेलीच मुलगी घे. आणि रोज मेणावर पिंजर लावणाऱ्या कपाळावर फिकट ठिपका राहतो. तो उन्हाने मिसळायला काही आठवडे लागतात, तेव्हा कुंकू आधीच थांबवावं लागेल, म्हणजे घरच्यांना आधीच सांगावं लागेल. आईला कुंकवाशिवायचं ते कपाळ बघावं लागेल. हा प्रसंग तुझ्याकडे नाहीच.

स्वयंपाकघरात आंबटाला आमसुलाऐवजी माडाच्या सुरेचं विनागर, कढीत तिरफळाचा हात आखडता. डुकराचं मांस तिला शिजवावं लागेल आणि कधीतरी खावंही लागेल. घास गिळण्यापेक्षा वास सोसणं अवघड, ते आधी लिही. आणि बाजारात तिला पावकी-निमकीने हिशेब करू देऊ नकोस. मराठी शाळेत पाढे घोकलेली मुलगी तांगांचा हिशेब झटक्यात करते, ओठ हलतात, आणि मासळीवाली वर बघते. नाणीही सुधार: एस्कुद 1950च्या दशकाच्या अगदी शेवटी आले. त्याआधी 1 रुपिया म्हणजे 16 तांगां, 1 तांग म्हणजे 60 रैस. मांडवीवर पूल नव्हता, पलीकडच्या बेतीहून पणजीला यायचं झालं तर ती गॅसोलिनातून येईल. लाँचला तेव्हा हेच म्हणत.

एक मनातलं. तुझ्या खर्ड्यात ख्रिस्ती माणसं म्हणजे फक्त धोका आहेत. असं करू नकोस. 1928 मध्ये गोवा काँग्रेस कमिटी उभी करणारे त्रिस्तांव द ब्रागांस कुन्हा ख्रिस्ती होते. 18 जून 1946 ला मडगावातल्या सत्याग्रहाच्या सभेत राममनोहर लोहियांसोबत जुलियांव मिनेझिस होते. 1955च्या नोव्हेंबरपासून जंगलातून गुप्त रेडिओ चालवणाऱ्या दोघांत वामन सरदेसाईंबरोबर लिबिया लोबो होत्या. मीना पकडली गेली तर तिला शिक्षा होईल, पण तिला घरात ठेवणाऱ्या कुटुंबाचं सगळंच जाईल. ती बाई जाणूनबुजून हे पत्करते. तिला नाव दे, दोन पानं दे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. 15 ऑगस्ट 1955 तू एका ओळीत उरकलायस. त्या दिवशी सत्याग्रही पत्रादेवीच्या सरहद्दीवरून आत आले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. तोच दिवस मारियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा, म्हणजे मीनाला सकाळी मिशेला जायलाच हवं. आणि पंचांग काढून बघ, तो श्रावणी सोमवार होता. आजवर श्रावणी सोमवारी तिच्या पोटात मासळीसुद्धा गेलेली नाही. इथे सणाचं जेवण आहे, टेबलावर डुकराचं मांस आहे, ती वाढते आहे. दुपारी सरहद्दीवरच्या बातम्या पणजीत कुजबुजीने पोचतात, आणि चेहरा तसाच ठेवून तिला आणखी वाढायचंय. पूर्ण प्रकरण याच एका दिवसाचं कर. तिला त्या दिवशी कुठलीही चिठ्ठी देऊ नकोस.

पाचवं प्रकरण आणि दुरुस्त केलेलं तिसरं एकदमच पाठव. चवथीला घरी येशील तेव्हा तेर्स म्हणणाऱ्या शेजारच्या आजींकडे तुला नेईन. त्या प्रार्थनेतले शब्द तपासून देतील, मला त्यांच्याइतके खात्रीने येत नाहीत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगू