काँक्रीट पडण्याआधी फायबर केबलसाठी पाइप टाका

महोदय,

२०२७च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्त्यांची कामे चालली आहेत, म्हणून आत्ताच लिहितो. सिडको भागात माझा केबलचा व्यवसाय आहे. ग्राहक आता सेट-टॉप बॉक्स परत करून फायबरवरच टीव्ही मागतात. फोर-के चित्राला साधारण २५ एमबीपीएस वेग लागतो. केसाएवढ्या काचेच्या तंतूला तो मुळीच जड नाही. अडचण आहे तंतू तुटण्याची. खांबांवरून, झाडांतून ओढलेली वायर वादळात तुटते, जमिनीतली जेसीबीखाली सापडते. मग भर पावसात छत्री धरून स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेल्या तंतूंची जोडणी, करायचे (त्याला ओलावा आणि धूळ अजिबात चालत नाही), आणि तोवर साऱ्या गल्लीचा टीव्ही बंद, मुलांचा ऑनलाइन अभ्यासही.

दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये सामाईक डक्टची, म्हणजे अनेकांच्या केबल ज्यातून जातील अशा एकाच पाइपमार्गाची, तरतूद आहे. महापालिकेने प्रत्येक नव्या रस्त्याखाली रिकामे पाइप टाकावेत आणि लहान केबलचालकांनाही परवडेल अशा भाड्याने द्यावेत. काँक्रीट पडल्यावर ते पुन्हा कोण फोडू देणार? भारतनेट या केंद्राच्या ग्रामीण इंटरनेट योजनेचा फायबर ग्रामपंचायतीपर्यंत जातो, पाड्यावरची घरे त्याच्या पुढे असतात. म्हणून जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांच्या रस्त्यांनाही हाच नियम लावावा.

– एक केबलचालक, सिडको, नाशिक