मुंबईत एक मुक्काम कराच

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर काही सांगून होत नाही. आई "जेवलीस का" इथून पुढे सरकत नाही, आणि बाबा "बिल वाढतंय" म्हणून फोन ठेवतात, रिचार्ज महिन्याचं असलं तरी! म्हणून लिहायला बसले. ट्रेनिंग नीट चाललंय, तब्येत बरी आहे, डबा बेताचा आहे. आता मुद्द्याचं.

परवा रात्री मी मुंबई बघितली. तुम्ही म्हणाल, त्यात नवं काय, लहानपणापासून बघतेयस. पण आपण बघितली ती कशी? सकाळी नाशिकरोडला पंचवटी पकडायची, दादरला उतरायचं, कुणाचं लग्न नाहीतर हॉस्पिटल, जमलं तर सिद्धिविनायक, मावशीकडे उभ्या उभ्या चहा, आणि सव्वासहाला सीएसएमटीहून परत तीच गाडी. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. म्हणजे मुंबईत दिवे लागायला आणि आपण डब्यात बसायला एकच गाठ. बाबा, १९७५ पासून धावणाऱ्या या गाडीनं नाशिककरांची फार सोय केली, पण तिच्यापायीच आपल्यातल्या कितीतरी जणांनी या शहरातली रात्र कधी पाहिलेली नाही, असं माझं ठाम मत झालंय.

माझ्याबरोबर खोलीतली मैत्रीण होती, धाराशिवची. तिनं समुद्रच पाहिला नव्हता, त्यामुळे तिला लगेच चौपाटी हवी होती. मी म्हटलं, आधी फोर्टात फिरू.

फोर्टचा तमाशा साडेसहाला बघावा. सगळी कचेऱ्यांची माणसं एकाच दिशेला, सीएसएमटीकडे, इतक्या वेगानं निघतात की आपण उलटे चाललो तर धक्केच खायचे. आठनंतर तेच रस्ते ओस. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर तेवढी कॉलेजची पोरं बसलेली असतात, आम्हीही टेकलो. इमारत १८३३ ची, टाउन हॉल म्हणून बांधलेली. जवळच रिझर्व्ह बँक. बाबा, तुमची आठवण आली. जन्मभर तुम्ही प्रेसमध्ये नोटा मोजल्यात, आणि ज्या बँकेच्या नावानं त्या देशभर चालतात तिचं दार तुम्ही पाहिलेलं नाही. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुमच्या घरी पैशाला काय तोटा!" तिला काय माहीत, नोटा छापणाऱ्या माणसाला घरच्या पिशवीतली दहाची नोट काढताना किती जड जातं ते. (रागावू नका.)

तिथून चालत ओव्हल मैदानाकडे. राजाबाई टॉवर रात्री उजळलेला असतो. दर पाव तासाला टोले पडतात, ते दिवसा गाड्यांच्या आवाजात कानावर येत नाहीत. आई, त्याची गोष्ट तुला आवडेल. प्रेमचंद रायचंद नावाच्या व्यापाऱ्यानं पैसा दिला आणि मनोऱ्याला आईचं नाव दिलं. ती जैन, दिसत नव्हतं तिला, आणि सूर्य मावळायच्या आत जेवायचं असे, तर टोले ऐकून तिला वेळ कळावी म्हणून हे घड्याळ, असं सांगतात. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. खरं-खोटं प्रेमचंद जाणे.

मग मरीन ड्राइव्ह. इथे मात्र आम्ही बूड टेकलं ते उठलोच नाही.

मला वाटायचं, रात्रीची मुंबई म्हणजे दारूचे बार, गाड्या उडवणारी श्रीमंतांची पोरं. तेही असेल, पण त्या कठड्यावर कोण नव्हतं? आमच्या डाव्या हाताला एक पूर्ण कुटुंब, आजीसकट, डब्यातले ठेपले खात होतं. उजवीकडे दोन पोलीस चहा पीत उभे. पुढे एक म्हातारे गृहस्थ पायजम्यात, एकटेच, समुद्राकडे तोंड करून रेडिओ ऐकत होते. कुणी कुणाकडे बघत नाही आणि तरी कुणी एकटं वाटत नाही. आपल्याकडे गोदाघाटावर संध्याकाळी आरतीला गर्दी होते, पण ती आरतीसाठी. इथे लोक काहीही न करायला येतात, आणि रात्री अकराला येतात! जेलरोडला त्या वेळी आपण कडी-कोयंडा लावून, गॅसची नळी दोनदा तपासून झोपलेले असतो.

हा किनारा भर टाकून केलेला आहे, आणि पाण्याच्या बाजूला चार पायांचे सिमेंटचे अवाढव्य ठोकळे टाकलेत, लाटांचा मार त्यांच्यावर बसतो. रस्त्यापलीकडे गोलसर सज्ज्यांच्या जुन्या इमारती ओळीनं उभ्या. त्यांना आणि ओव्हलभोवतीच्या जुन्या वास्तूंना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. राणीचा रत्नहार म्हणतात तो हाच, दिव्यांची वळत गेलेली माळ. २०१५ मध्ये पिवळे दिवे काढून पांढरे लावले तेव्हा लोकांनी इतकी ओरड केली की पुढे पुन्हा पिवळसर उजेड आणावा लागला. मैत्रीण बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "याला पलीकडचा काठच नाही गं."

आणि हवा! तिकडे तुम्ही शेकोटीशी बसला असाल, इथे मी साध्या कुर्त्यात होते. खारट, किंचित चिकट वारा, पण गार.

खाण्याचं सांगायचं तर चर्चगेटजवळ के. रुस्तमचं आइस्क्रीम खाल्लं. दोन पातळ बिस्किटांच्या मध्ये आइस्क्रीमची जाड वडी, हातातच धरून खायची, वितळायच्या आत. रस्त्यावर उभं राहून. आई, तुला जमेल. मिसळ मात्र मी इथे खाणार नाही, मला नाशिकला तोंड दाखवायचंय.

परत चर्चगेटहून लोकलनं दादरला, बारा वाजायला आले असताना. आई, घाबरू नको: रात्री बायकांच्या डब्यात पोलीस असतो, आणि डबा रिकामा मुळीच नव्हता. हॉटेलातून सुटलेल्या मुली, नर्सा, भाजीची जुडी निवडत बसलेली एक बाई. लोकल फक्त रात्री एकच्या सुमारापासून पहाटे चारपर्यंत झोपते. फोर्टातल्या आतल्या गल्ल्यांत मात्र दहानंतर मी एकटी जाणार नाही, तेही सांगून टाकते.

झोप अशी झालीच नाही, कारण पहाटे दादरच्या फूलबाजारात गेलो. चारपासून तिथे झेंडू-शेवंतीच्या गोण्या उलगडतात. गुलाबाच्या जुड्यांचा भाव विचारला तर पोरगा म्हणाला, "नाशिकचा आहे ताई, रात्रीच उतरलाय." म्हणजे आपल्याकडची फुलंसुद्धा इथे मुक्कामाला येतात, माणसं तेवढी संध्याकाळी पळतात!

तर माझं म्हणणं असं: जानेवारीत एका शनिवारी सकाळच्या पंचवटीनं या आणि रविवारी संध्याकाळच्या पंचवटीनं जा. मध्ये एक रात्र राहा. मावशीकडे नको, तिथे तुम्ही साडेनवाला झोपाल. दादरला साधी, लिफ्ट असलेली खोली मी बघते. दुपारी विश्रांती, संध्याकाळी शिवाजी मंदिरला नाटक. नाशिकला कालिदास नाट्यगृहात आलेला प्रयोग आणि इथला यात फरक काय, हा तुमचा दोघांचा जुना वाद एकदाचा मिटेल. नाटकानंतर टॅक्सीनं मरीन ड्राइव्ह. बाबा विचारतील म्हणून: काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये, मध्यरात्रीनंतर पाचपर्यंत सव्वापट. रिक्षा शहराच्या या भागात येतच नाहीत, शोधू नका. भुयारी मेट्रोही आता सिद्धिविनायकापासून कफ परेडपर्यंत जाते, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण साडेदहाला बंद होते, म्हणून ती रविवारी सकाळी. खर्च माझा. बाबांनी पाकीट घरी ठेवून यावं, ही अट आहे.

आई, गुडघ्याचा पट्टा आण, रात्रीची गोळी पर्समध्ये ठेव, स्वेटर फक्त गाडीपुरता. येताना कोंडाजीचा चिवडा दोन पाकिटं, इथल्या मुलींनी फर्मान काढलंय. नाटक कुठलं ते तू ठरव. रविवारच्या पेपरात जाहिराती असतात त्या बघ आणि या आठवड्यात कळव, पुढच्या रांगांची तिकिटं लवकर संपतात.

तुमची,
मीनू