उडी मारून दाखवू नकोस

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

हँडबॉलचा कोच म्हणून तिथे पोचल्याचा मेसेज मिळाला. एकच शब्द. म्हणजे परवा रात्रीचा राग अजून गेलेला नाही. फोनवर तू नुसतं ‘हो, हो’ करतोस, म्हणून लिहितेय. गुडघ्याचा विषय काढणार नाही.

तुझ्या कपाटावर चिकटवलेल्या त्या उंच माणसाबद्दल, फिलिप यीखाबद्दल, गौरीकडून सगळं वाचून घेतलं. चेक देशातल्या प्लझेनचा. 2010 साली जगातला सर्वोत्तम हँडबॉल खेळाडू, त्याच वर्षी जर्मनीतल्या कील क्लबकडून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली, 2012 ला पुन्हा. मग बार्सिलोनाला गेला आणि तिथे शरीरानं दगा दिला. 2017 ला, पस्तिशीत, खेळणं थांबवलं. तू तर अजून सत्ताविसाचाच आहेस. असो.

पुढचं मला जास्त पटलं. 2018 ला तो कीललाच परत आला, पण एक वर्ष तिथल्या मुख्य कोचच्या, आल्फ्रेड गिस्लासनच्या, हाताखाली सहायक म्हणून. जिथे हॉल भरून लोक त्याच्या नावानं ओरडायचे, तिथेच रेषेबाहेर दुसऱ्याचं ऐकत उभं राहायचं! 2019 ला मुख्य कोच झाला. 2020 च्या डिसेंबरात कोलोन शहरात बार्सिलोनालाच 33-28 नं हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि टाळ्या वाजवायला कोरोनामुळे प्रेक्षकच नव्हते. 2024 ला जर्मनीतल्या लीगमध्ये चौथा नंबर आला, पुढच्या चॅम्पियन्स लीगची जागा गेली. अशा वेळी बोल कोचलाच लागतात. ते सोसायची तयारी ठेव. पोरांवर ओरडू नकोस. जेवणाच्या वेळा पाळ. आणि शिकवताना उडी मारून दाखवू नकोस, तोंडानं सांग.

झालं माझं भाषण सुरू. रागावू नकोस.

साताऱ्याच्या मॅचला चहावाल्यानं माझ्याकडून पैसे घेतले नव्हते, “निखिलच्या आई ना तुम्ही?” म्हणाला. मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. ऑपरेशननंतर मात्र घरी आला तो फक्त तुमचा गोलकीपर, आणि तोही निघताना तुझे बूट मागून घेऊन गेला. तू हसत दिलेस. ते हसू मला अजून झेपलेलं नाही. बाबा म्हणतात, पोरगा आपल्यापेक्षा शहाणा आहे. असेलही.

काल दाराच्या कडीला तुझं वॅक्स, बॉल निसटू नये म्हणून बोटांना लावायचास ते, चिकटलेलं सापडलं. पूर्वी खोबरेल लावून पुसताना तुला शिव्या द्यायचे. काल पुसलं नाही.

तिथली पोरं गोलसमोरच्या सहा मीटरच्या रेषेवरून झेपावतील तेव्हा तुझेही पाय शिवशिवतील, मला माहीत आहे. हातातला बॉल खाली ठेव. खरंच ठेव. उतरताना सगळा भार त्याच पायावर येतो, डॉक्टर माझ्यादेखत म्हणाले होते.

सुषमाआत्याला फोन कर, ती वाट बघतेय. नी-कॅप निळ्या पिशवीत चिवड्याखाली आहे. चिवडा वाटलास तरी चालेल, पण पिशवी कोणाला देऊ नकोस.

तुझी,
आई