‘रक्त कमी आहे’ म्हणजे नेमकं काय कमी?

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट वाचला. लोहाच्या गोळ्या आणल्यास, पण लगेच सुरू करू नकोस.

हिमोग्लोबिन 10.9 दिसलं की आपण ‘रक्त कमी’ म्हणून मोकळे होतो. अंगातलं रक्त बहुधा असतं तेवढंच असतं. कमी असतं ते तांबड्या पेशींतलं, प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिन. गरोदर नसलेल्या बाईचं ते 12 ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय. पण रक्तक्षयाचं तापासारखंच आहे. आहे एवढं कळतं, कशाने ते शोधावं लागतं.

त्यासाठी एमसीव्ही बघ. एका तांबड्या पेशीचं ते सरासरी आकारमान, साधारण 80 ते 100 असायला हवं. तुझं 64, म्हणजे पेशी फारच बारीक. (बी12 कमी असेल तर उलट त्या मोठ्या होतात.) बारीक पेशींची नेहमीची कारणं दोन: लोहाची कमतरता, नाहीतर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याचा आनुवंशिक, सौम्य दोष. लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात आणि संख्येनेही घटतात. मायनरमध्ये बारीक असतात, पण भरपूर असतात. तुझ्या 56 लाख आहेत, रिपोर्टात 5.6 लिहिलंय. आता 64 ला 5.6 ने भाग: 11.4. हा मेंट्झर इंडेक्स. 13 च्या खाली आला तर मायनरचा संशय, वर गेला तर लोहाचा. संशयच हं, निदान नव्हे.

म्हणून फेरिटिन आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) या दोन्ही तपासण्या एकदमच कर. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा; ताप किंवा संसर्ग असताना तो आकडा फुगतो, तेव्हा बरी असताना रक्त दे. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए2 साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा मायनरच. मात्र लोह फारच कमी असलं तर ए2 खोटंच कमी दिसू शकतं. नुसती एचपीएलसी करून ‘नॉर्मल आहे’ म्हणणं इथेच फसतं.

मायनर निघालं, म्हणजे तू नुसती वाहक निघालीस, तर घाबरण्यासारखं काही नाही. साठा पुरेसा असताना लोह घेऊन हिमोग्लोबिन वाढणार नाही, एवढंच. पण लग्न ठरवताना मुलाचीही एचपीएलसी हवी, पत्रिकेच्या आधी! दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे याच आजाराचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता 25 टक्के. तो सिकलसेलचा (हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असला तरी धोका आहेच. नंदुरबार, गडचिरोलीकडे असे वाहक बरेच आहेत.

फेरिटिन कमी आलं तर डॉक्टरांना विचारून गोळी सुरू कर: रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, चहा-दुधापासून दोन तास लांब. शौचाला काळं होतं, ते गोळीमुळे. हिमोग्लोबिन भरून आलं म्हणून लगेच सोडायची नाही. साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात. आणि लोह कमी का झालं, तेही विचार. पाळीत जास्त जात असेल तर आधी ते सांग.

राहिल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, 92 हजार. दीड लाखाच्या खाली आहेत खऱ्या, पण शेरा वाच: ‘गुठळ्या दिसल्या’. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे) काहींच्या प्लेटलेट नळीतच चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. पुन्हा रक्त देशील तेव्हा निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीतही नमुना घ्यायला सांग, आणि काचपट्टीवर डोळ्यांनी मोजून द्या म्हणावं. त्याआधीच अंगावर काळेनिळे डाग उठले किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तुझी,
आई