बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

श्टुटगार्ट,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "अमेरिकेत पगार जास्त होता, मग डॅलस सोडून जर्मनीत कशाला गेलात?" तेव्हा धाकट्याने भोकाड पसरलं आणि उत्तर राहून गेलं. आज इथे दुकानं कायद्यानेच बंद, म्हणून निवांत लिहिते.

आई, थोरलीच्या वेळचं आठवतंय? तिथे १९९३ चा कायदा आहे, १२ आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी. शिवाय कंपनीत किमान ५० माणसं हवीत. आमच्याकडे होती ३०, म्हणजे तोही हक्क नाही. सहाव्या आठवड्यात मी कामावर हजर. तू तिला कुशीत घेऊन दारात उभी होतीस आणि मी मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर गेलेच नसते.

धाकट्याच्या वेळी इथे बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे घरी, हातात येणारा पगार पूर्ण. पुढे तीन वर्षांपर्यंत नोकरी राखून ठेवावी लागते. सरकार काही महिने पगाराच्या साधारण दोन तृतीयांश देतं, पण महिना १८०० युरोच्या वर नाही. बाप म्हणून मंदारने दोन महिन्यांची रजा मागितली तर साहेब म्हणाले, "दोनच?"

फुकट काही नाही हो बाबा. पगारपत्रक बघितलं की पोटात गोळा येतो. कर, पेन्शन, आजारपणाचा विमा, सगळं आधीच कापलेलं. विम्याचा अर्धा भार मात्र मालकावर. आजारपणाचा हा सक्तीचा विमा इथला तेव्हाचा चान्सेलर बिस्मार्क याने १८८३ मध्ये आणला, तोही कामगारांच्या प्रेमाने नव्हे. समाजवाद्यांवर बंदी घालून झाली होती, आता त्यांच्याकडचे कामगार आपल्याकडे वळवायचे होते. तुम्ही एसटीच्या युनियनमध्ये इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

डॅलसला मंदारच्या शेजारचा माणूस सकाळी कामावर होता आणि दुपारी खोका घेऊन लिफ्टमध्ये. कारण सांगायचंही बंधन नाही. आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना दुसरी नोकरी शोधायला ६० दिवस. इथे कंपनीत कामगारांची निवडून आलेली समिती असेल, तर तिला विचारल्याशिवाय काढता येत नाही.

पण अमेरिकेला नावं ठेवत नाही. बाबांचे गुडघे तिथे सुखी होते. अपंगांसाठीच्या १९९० च्या कायद्यामुळे उतार, लिफ्ट, फूटपाथकडे वाकणारी बस. इथे आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाबागाडी रोज खांद्यावर. तिथे पोलिसाला तोंडावर शिवी दिली तरी राज्यघटना बहुतेक वेळा पाठीशी उभी राहते; इथे कुणालाही शिवी देणं गुन्हा. घर बदललं की दोन आठवड्यांत सरकारदरबारी नोंद करायची. रविवारी मंदारने भिंतीत एकच खिळा ठोकला, तर संध्याकाळी पत्रपेटीत चिठ्ठी. शेजाऱ्यांना शांततेचा हक्क आहे, आम्हाला फोटो टांगायचा नाही!

मार्चमध्ये याच. व्हिसासाठी ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, तो मी बघते. बाबा, गुडघ्याचे जुने एक्स-रे बरोबर ठेवा. आई, मेतकूट दोन पिशव्यांत बांध, मागच्या वेळी सगळं स्वेटरला लागलं होतं.

तुमची,
मनू