घरातलं घरात

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "नटानं आपलं काम करावं, घरातलं घरात ठेवावं. आपण समलिंगी आहोत हे चारचौघांत सांगत सुटायची काय गरज?" मी तेव्हा गप्प बसलो, कारण फोनवर वाद घातला की तूच जिंकतोस. म्हणून हे पत्र. वाद घालत नाही, फक्त एका माणसाबद्दल सांगतो. तू म्हणतोस तेच त्यानं केलं होतं. वयाच्या ६८व्या वर्षापर्यंत त्यानं घरातलं घरात ठेवलं.

जॉर्ज टाकेय. 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या अमेरिकी मालिकेतला सुलू. यानाचं सुकाणू सांभाळणारा, भरदार आवाजाचा. चेहरा तुला नक्की आठवेल.

जन्म लॉस एंजेलिसचा, १९३७चा. वडील जपानमधून आलेले, आई कॅलिफोर्नियातच जन्मलेली. जॉर्ज हे नाव वडिलांनी इंग्लंडच्या सहाव्या जॉर्जवरून ठेवलं, कारण त्याच वर्षी त्याचा राज्याभिषेक होता. पोर जेमतेम पाच वर्षांचं झालं आणि बंदुका घेतलेले सैनिक दारात उभे राहिले. जपाननं पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर केलेल्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारी १९४२मध्ये, राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली आणि जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत कोंडली गेली. त्यातली बहुतेक अमेरिकेचीच नागरिक होती. कुणावर आरोप नाही, खटला नाही. टाकेय कुटुंबाला आधी सांता अनिता रेसकोर्सवर घोड्याच्या तबेल्यात ठेवलं, मग आर्कान्सामधल्या दलदलीतल्या रोवर छावणीत.

या सगळ्यातली एक गोष्ट मला फार आवडते. आईनं सामानात लपवून शिवणयंत्र आणलं होतं. नेऊ नका म्हणून ताकीद असताना, पोरांना कपडे लागतील म्हणून! शाळेत ही पोरं रोज सकाळी झेंड्यासमोर 'सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय' अशी प्रतिज्ञा म्हणत, आणि खिडकीतून काटेरी तारा आणि पहाऱ्याचे मनोरे दिसत.

पुढे सरकारनं निष्ठेची प्रश्नावली काढली. त्यातल्या एका प्रश्नात जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडता का, असं विचारलं होतं. हो म्हणावं तर आधी होती असं कबूल केल्यासारखं, नाही म्हणावं तर देशद्रोही. त्याच्या आईवडिलांनी नाही म्हटलं आणि कुटुंबाची रवानगी ट्यूल लेकच्या कडक बंदोबस्तातल्या छावणीत झाली. युद्ध संपल्यावर लॉस एंजेलिसला परतले ते दारुड्यांच्या, बेघरांच्या वस्तीत राहायला.

हे सविस्तर सांगण्याला कारण आहे. हा मुलगा फार लवकर शिकला की आपण वेगळे दिसलो की शिक्षा होते. आणि नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला कळायला लागलं की आपण आणखी एका बाबतीत वेगळे आहोत. चेहरा लपवता येत नव्हता. हे दुसरं लपवता येत होतं, ते त्यानं लपवलं. तो स्वतः त्याला अदृश्य काटेरी कुंपण म्हणतो. मला ही उपमा आधी जरा भाषणासाठी घडवल्यासारखी वाटली होती. पण हा माणूस खऱ्या कुंपणाआड राहून आलाय, तेव्हा त्याच्या तोंडी ती शोभते.

वडिलांना वाटे पोरानं वास्तुविशारद व्हावं. दोन वर्षं बर्कले विद्यापीठात ते शिकून पोरगा नाटकाकडे वळला. न्यूयॉर्कला जाऊन अभिनय शिकणार म्हणाला, तेव्हा वडिलांनी सौदा केला: तिकडे जायचं तर स्वतःच्या पैशानं जा, इथल्या यूसीएलएमध्ये, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, पदवी घेणार असशील तर खर्च माझा. पोरगा व्यवहारी, त्यानं यूसीएलए घेतलं. सुरुवात झाली ती एका जपानी राक्षसपटाच्या इंग्रजी डबिंगनं.

त्या काळात आशियाई नटाला कामं कसली मिळत? नोकर, हेर, शत्रूचा सैनिक, नाहीतर दात काढून हसणारा विनोदी माणूस. १९६६ साली सुलू आला. हुशार, शिस्तीचा, तोडकंमोडकं इंग्रजी न बोलणारा अधिकारी. त्या वेळी ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज चटकन लक्षात येत नाही. एका भागात तर तो उघड्या अंगानं तलवार घेऊन यानाच्या बोळांतून सगळ्यांच्या मागे धावतो. लेखकाच्या डोक्यात म्हणे सामुराईची तलवार होती. यानंच सुचवलं की पाश्चात्य तलवारबाजी करू. तलवार धरता येते का, असं विचारल्यावर येते म्हणाला, आणि लगेच शिकवणी लावली.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. सेटवर कुणाला माहीत नव्हतं का? होतं की. टाकेय स्वतःच एक किस्सा सांगतो. सकाळी सगळे कॉफी पीत उभे होते आणि वॉल्टर केनिग, म्हणजे मालिकेत चेकॉव्ह होणारा नट, डोळ्यांनी खुणावत राहिला, मागे बघ, मागे बघ. मागे एक अतिशय देखणा एक्स्ट्रा उभा होता. म्हणजे सहकाऱ्यांना माहीत होतं, आणि हे बाहेर फुटलं तर याचं काम जाईल हेही माहीत होतं. म्हणून कुणी कधी तोंड उघडलं नाही. याला मी खरी मैत्री म्हणतो. पण आपली नोकरी दुसऱ्यांच्या गप्प बसण्यावर टांगलेली असणं म्हणजे काय, याचाही विचार कर. कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध १९७५ अखेरपर्यंत गुन्हा होता. बारवर पोलिसांच्या धाडी पडत. टॅब हंटर हा नट म्हणजे त्या काळचा तरुणींच्या गळ्यातला ताईत. १९५५मध्ये 'कॉन्फिडेन्शियल' नावाच्या मासिकानं समलिंगी पुरुषांच्या पार्टीत त्याला झालेल्या जुन्या अटकेची बातमी छापली. ते पाहून विशीच्या आतल्या टाकेयनं घ्यायचा तो धडा घेतला.

त्यानं एकदा मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्याशी विषय काढला होता. भविष्यातल्या या जगात समलिंगी माणसं का नाहीत? स्वतःबद्दल न बोलता, हं. रॉडनबेरी म्हणाले, गोरा कप्तान कर्क आणि कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा यांच्या चुंबनाच्या भागाला आधीच प्रेक्षक कमी मिळालेत, याहून पुढे गेलो तर मालिकाच बंद पडेल. मालिका पुढे १९६९मध्ये तशीही बंद पडलीच.

आणि हा माणूस काही भिडस्त नव्हता रे. १९७३ साली लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेची निवडणूक लढवली, थोडक्यात हरला. गंमत म्हणजे उमेदवारांना सारखी वेळ द्यायच्या नियमापायी एका स्थानिक वाहिनीनं तेवढ्या काळात 'स्टार ट्रेक'चे जुने भाग दाखवणंच थांबवलं. मग वाहतूक मंडळावर नेमणूक झाली, आणि शहराच्या भुयारी रेल्वेसाठी निर्णायक मत द्यायला हा चित्रपटाच्या सेटवरून उठून गेला होता. १९८१ मध्ये सरकारी आयोगापुढे छावण्यांबद्दल साक्ष दिली. १९८८च्या कायद्यानं सरकारनं माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. त्याचे वडील १९७९मध्येच गेले होते. यानं आपले पैसे जपानी अमेरिकन संग्रहालयाला दिले.

म्हणजे सगळ्यांच्या हक्कांसाठी व्यासपीठावर उभा राहणारा माणूस आपल्या एका हक्कापुरता मुका. समलिंगी तरुण मोर्चे काढत होते तेव्हा आपण गप्प होतो, याची बोच त्यानं पुढे वारंवार बोलून दाखवली. तू ज्याला 'घरातलं घरात' म्हणतोस ते करायला रोज मेहनत घ्यावी लागते. समारंभांना मैत्रिणीला बरोबर न्यायचं, घरी कोण आहे विचारलं की विषय बदलायचा. दुसऱ्या कुठल्या नटाला बायकोचं नाव घेताना असा हिशोब करावा लागतो?

ब्रॅड ऑल्टमन त्याला समलिंगी लोकांच्या धावण्याच्या क्लबात भेटला. पेशानं पत्रकार. १९८०च्या दशकापासून दोघं एकत्र. आईला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा तिची देखभाल दोघांनी मिळून केली. ती २००२मध्ये गेली. हे सगळं घरातल्या घरातच.

मग २००५. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं समलिंगी विवाहाचं विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. जॉर्ज आणि ब्रॅड घरी बसून रात्रीच्या बातम्या बघत होते. पडद्यावर सांता मोनिका बुलेव्हार्डवर संतापलेली तरुण पोरं. त्या रात्री त्यानं ठरवलं, आणि ऑक्टोबरमध्ये 'फ्रंटियर्स' मासिकाला मुलाखत देऊन टाकली. मला यात हेच आवडतं, की हे कबुली दिल्यासारखं झालंच नाही. तो चिडून बोलला.

कामं बंद होतील असं त्याला वाटलं होतं. झालं उलट. रेडिओ, 'हीरोज' मालिका, पाहुणा म्हणून बोलावणी, समाजमाध्यमांवर लाखो चाहते. काळ बदलला होता हे खरं. विनोदी अभिनेत्री एलेन डीजेनरस आपण समलिंगी आहोत हे १९९७मध्ये बोलली तेव्हा पुढच्याच वर्षी तिची मालिका बंद झाली होती. टेनेसी राज्यात शाळेत समलैंगिकतेबद्दल बोलायला बंदी घालायचं विधेयक आलं, तर यानं जाहीर केलं, 'गे' म्हणायचं नसेल तर माझं नाव वापरा, यमक जुळतंच आहे!

२००८मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानं समलिंगी विवाहांना परवानगी दिली, आणि सप्टेंबरमध्ये त्याच जपानी अमेरिकन संग्रहालयात दोघांचं लग्न लागलं. करवला वॉल्टर केनिग, करवलीच्या मानाला उहुरा झालेली निशेल निकोल्स. (कर्क झालेल्या विल्यम शॅटनरला बोलावलं की नाही यावरून पुढे बरीच जुंपली. म्हातारे नट भांडायला लागले की थांबत नाहीत.) दोनच महिन्यांत मतदारांनी असे विवाह पुन्हा बंद केले, पण आधी झालेले सुमारे १८,००० विवाह कायम राहिले.

वयाच्या ७८व्या वर्षी हा ब्रॉडवेवर पहिल्यांदा उभा राहिला, छावण्यांवरच्या 'अलीजियन्स' या संगीतिकेत. आणि २०१६च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात सुलू समलिंगी दाखवला, तेव्हा सगळ्यांना वाटलं हा खूश होईल. हा म्हणाला, नको. रॉडनबेरींनी सुलूला तसं घडवलं नव्हतं, तुम्ही नवं पात्र लिहा. मला ते पटलं नाही. चित्रपट पाहिला तर तो प्रसंग किती साधा आहे, सुलू अंतराळतळावर उतरतो, जोडीदार आणि लहान मुलगी भेटायला येतात, एवढंच. पण स्वतःच्या बाजूच्या लोकांनाही तोंडावर नाही म्हणायची त्याची खोड मला आवडते.

त्याचं छावणीतल्या बालपणावरचं चित्ररूप आत्मकथन माझ्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात कुरियरनं पाठवतो. दोन बैठकांत वाचून होईल. परत मात्र कर, मागची दोन पुस्तकं अजून तुझ्याकडेच आहेत. आणि उत्तर फोनवर नको, लिहून पाठव.

तुझाच.